साठावं मेंढरू

एकोणसाठ मेंढरं पडद्यावर नीट चालत. साठावं आलं की चित्र गोठे.

२०१६ चा मे महिना. चिकलठाण्यातल्या आमच्या कारखान्यानं पाण्याअभावी एक पाळी बंद केली, त्यात माझं काम गेलं. आज दुपारी चारला क्रांती चौकातल्या एका छोट्या कंपनीत मला मी बनवलेला हा मेंढरांचा खेळ दाखवायचा होता. चालला तर नोकरी. जुन्या गेम कन्सोलमध्ये खोचायची, खेळ भरलेली नवी कार्ट्रिज ते बनवतात. त्यांनी आपला अमेरिकी कन्सोल पाठवून दिला होता. अट एवढीच, कार्ट्रिज त्यावर चालली पाहिजे.

माझ्या युरोपी कन्सोलवर ती महिनाभर बिनचूक चालली होती. कार्ट्रिजमध्ये मी एक मदतनीस चिप बसवली होती. मेंढरांच्या जागांचं गणित ती करी आणि कन्सोल आपल्या आतल्या घड्याळाचे ठरावीक ठोके मोजून उत्तर उचली. चिपचं घड्याळ वेगळं, कन्सोलचं वेगळं. त्यांच्या अमेरिकी कन्सोलचे ठोके माझ्या कन्सोलपेक्षा जलद पडत. फरक एका टक्क्याहूनही कमी, पण तेवढ्यानं उत्तर तयार व्हायच्या आधीच उचललं जाई.

मी दहा ठोके वाढवले. चौसष्टाव्या मेंढराला गोठलं. आणखी वीस वाढवले. सत्तराव्याला. साडेनऊ वाजले होते. मी तिसऱ्यांदा चहा केला आणि तिसऱ्यांदा तसाच ठेवला.

"अक्षदा! अगं, तुझ्या आबानं मोटार कोरडीच लावलीय!" खालून शेजारच्या गीताबाई ओरडल्या.

मी धावत उतरले आणि बटण बंद केलं. मोटारीला जळका वास येत होता. आबा, म्हणजे माझे वडील कडूबा, पूर्वी गावाकडं मेंढरं राखायचे, आता आमच्याच इमारतीचे वॉचमन. ते मनगटावरचं घड्याळ पुढं करून उभे होते.

"साडेनऊला मोटार लावायची. ठरलेलं हाय."

"पण टँकर आला का?"

"सव्वानऊला येतोच की."

"आज आला का, आबा?"

त्यांनी हौदाचं झाकण उचलून आत बघितलं. "नाय."

"कडूबाभाऊ, मेंढरं पण घड्याळ बघूनच पाण्यावर न्यायचात का हो?" गीताबाईंनी विचारलं.

"तवा घड्याळ कुठं होतं, ताई? हे सोसायटीनं दिलंय."

गीताबाई हसल्या. मी अर्ध्या जिन्यात थांबले. माझा कन्सोलही साडेनऊलाच मोटार लावत होता.

वर येऊन मी मोजणीच्या सगळ्या ओळी काढून टाकल्या. आता गणित संपलं की चिप मेमरीच्या एका खणात खूण ठेवी. कन्सोल आधी खूण बघी. नसेल तर पुन्हा बघी. मगच उत्तर उचली. दीड वाजता साठावं मेंढरू आलं आणि चालत गेलं. ऐंशीव्याला चित्र पापणी लवेल इतकं अडखळलं, पण गोठलं नाही. ते लपवायला वेळही नव्हता.

चार वाजता कंपनीच्या सोनिया मॅडमनी मेंढरं शंभरावर नेली. चित्र क्षणभर अडखळलं.

"अडकलं?"

"नाही. उत्तर यायचं होतं, तोवर थांबलं."

कपाटातून त्यांनी दुसरा कन्सोल काढला, खरचटलेला. "दुरुस्तीत याच्या घड्याळाचा क्रिस्टल बदललाय. नेमका कुठला घातला, आम्हालाच माहीत नाही. यावर?"

याचे ठोके मी मोजले नव्हते.

"लावा," मी म्हणाले.

मेंढरं एकेक करून आली. साठावं आलं, मागे एकसष्टावं.

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या, आणि मेंढरं पुन्हा शंभराकडे न्यायला लागल्या.