न बांधलेली दोरी तुटली म्हणे!

मी एक जुनी दोरी आहे. तागाची, तीन पेडांची, अंगठ्याएवढी जाड. जुनी म्हटलं, कुजकी नाही. मित्रांनो, हा फरक ज्याला कळत नाही त्याने पुढे वाचूच नये.

मला वळणारा म्हातारा विकताना म्हणाला होता, "हिला ओली ठेवू नका, नातवंडांना पुरेल." मला घेतलं एका बाईने. घरांना रंग देण्याचा धंदा ती एकटीने चालवते. घरात तिला आजी म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

माझं काम एकच. शिडी भिंतीला लावली की एकाने ती खालून धरायची. दुसऱ्याने वर जाऊन माझ्याने शिडी खिडकीच्या गजाला बांधायची, दोन वेढे आणि गाठ. मग ओरडायचं, "बांधली!" तेव्हाच खालच्याने "सोडली!" म्हणत हात काढायचा. हा आजीचा नियम. सोळा वर्षं मी हे दोन शब्द ऐकले आणि एकही माणूस पडू दिला नाही. दर शनिवारी आजीकडचा जुना रंगारी मिस्त्री मला उन्हात पसरून पेड न पेड तपासायचा. "काय म्हातारे, दुखतं का कुठे?" म्हणायचा. स्वतःच्या गुडघ्यांची एवढी चौकशी त्याने कधी केली नाही.

मग आजीचा जावई कामाला लागला. घाई अशी, की चपलेच्या आधी पाऊल बाहेर. मला बांधायला दोन मिनिटं लागतात. तीही त्याला जड झाली.

एका रविवारी तो मला खुंटीवर ठेवूनच गेला; तिथलं मला मागाहून कळलं. मिस्त्रीला म्हणाला, दोरी पिशवीत आहे. रिकाम्या हातांनी वर चढला आणि ओरडला, "बांधली!" बिचाऱ्या मिस्त्रीने "सोडली!" म्हणत शिडी सोडली आणि रंग ढवळायला वळला. शिडी सरकली. नशीब म्हणा, हातावर निभावलं.

पडला, त्याचा मला राग नाही. पुढचं ऐका. प्लास्टर घालून घरी आला, मला खुंटीवरून ओढलं, पायाखाली दाबलं आणि डाव्या हाताने कटर चालवून माझे दोन तुकडे केले. सोळा वर्षं ज्या घरातली माणसं सांभाळली, त्याच घरात!

तुकडे त्याने आजीपुढे टाकले. "आई, बघा. कुजकी दोरी! मिस्त्री तपासतो म्हणे."

मिस्त्रीचा चेहरा पडला. "बाई, काल पाहिली तेव्हा चांगली होती. पण आता माझ्या डोळ्यांचं काय सांगावं..."

तो स्वतःवरच शंका घ्यायला लागला. माझ्या पेडापेडातून आग निघाली.

आजीने तोंड फिरवलं. "मिस्त्री, पोरीचं कुंकू जाता जाता राहिलं. उद्यापासून येऊ नका."

तेवढ्यात जावयाची मुलगी वही नाचवत आली. घरात तिला चिमणी म्हणतात.

"आजी, माझं इंग्रजी ऐक ना!"

"आत्ता नको गं."

"पाचच शब्द आहेत! बाईंनी सांगितलंय, बंद करायचे आणि बांधायचे शब्द लिहा, आणि प्रत्येकापुढे घरातली एक वस्तू." तिने वाचायलाच सुरुवात केली. "लॉक, आजीचं कपाट. बोल्ट, मागचं दार. झिप, माझं दप्तर. बटन, बाबांचा शर्ट, वरचं तुटलंय. टाय, शिडीची दोरी, पण आज ती खुंटीवरच आहे."

आजीने तिच्या हातातून वही घेतली.

"हे कधी लिहिलंस?" आजीने विचारलं.

"सकाळी. बाबा आणि मिस्त्रीकाका कामावर गेल्यावर. बघ, खुंटीचं चित्रपण काढलंय."

"ए, मोठ्यांत बोलू नये!" जावई खेकसला.

"तिला बोलू द्या." आजीने माझी टोकं बोटांनी चाचपली. "जावईबापू, मी दोनच यत्ता शिकले. पण तुटलेल्या दोरीला झिपऱ्या येतात, एवढं मला कळतं. हिची टोकं तर न्हाव्याने कापल्यासारखी सरळ आहेत. हात फार दुखतोय?"

"हो, आई."

"दुखू द्या. आधी मिस्त्रींची माफी मागा, मग गोळी घ्या. आणि मिस्त्री, मीही चुकले. उद्या या."

जावयाने मान खाली घालून माफी मागितली. मिस्त्री म्हणाला, "माझंही चुकलं, बाई. मी वर बघितलं नाही."

माझी माफी मात्र कोणी मागितली नाही. कोण मागणार? दोरीला कुठे मन असतं! आता माझ्या एका तुकड्याने रद्दीचे गठ्ठे बांधतात, दुसरा खुंटीवर लोंबतो. शिडीसाठी नवी दोरी आलीय. पोर गुणाची आहे, पण आमचे गुण माणसांच्या हातात.

हात बरा होऊन जावई पुन्हा कामाला जातो. वरून "बांधली!" आलं तरी मिस्त्री शिडी सोडत नाही म्हणे. "ओढून दाखवा, जावईबापू," म्हणतो.

मित्रांनो, कडी असो, कुलूप असो, नाहीतर माझ्यासारखी दोरी. आधी हाताने लावा, ओढून बघा, मग बोला. तोंडाने गाठ बसत नाही.