लेकीच्या घरचा चहा

दिपालीच्या लग्नाला आठ वर्षं झाली. तेवढ्या काळात तिची आई सारजाबाई करमाळ्याहून सोलापूरला चार वेळा आल्या आणि चारही वेळा लेकीच्या घरी पाण्याचा थेंब न घेता संध्याकाळच्या एसटीनं परत गेल्या. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, अशी रीत. ती पुष्कळ घरांत होती. आता बहुतेकांनी गुंडाळून ठेवली आहे. सारजाबाईंनी मात्र ती नुसती पाळली नाही, वाढवली.

या वेळी दिपालीनं रजा टाकून आईला मुद्दाम बोलावलं. "दोन दिवस ऱ्हा, सोलापूर दाखवते." सारजाबाई आल्या त्या पाच लिटर पाण्याचा कॅन, भाकरीचं गाठोडं आणि शेंगाचटणीची बरणी घेऊन. जुळे सोलापूर या उपनगरातला दुसरा मजला चढताना दम लागला, तरी कॅन लेकीच्या हातात दिला नाही. मग एकेक पोटनियम बाहेर आला. लेकीच्या घरी झोपलेलं चालतं. आंघोळ चालते. चूळ भरलेली चालते, कारण ती थुंकायची असते. बीपीची गोळी तेवढी कॅनच्या पाण्यानं. जावई अभिमन्यू कामासाठी पुण्याला गेला होता, ते एका परीनं बरंच झालं. हे सगळं गंभीर तोंडानं बघणं त्याला जमलं नसतं.

दिपालीला आईला एक गोष्ट सांगायची होती. तिला मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तिचं नि अभिमन्यूचं रडून झालं, भांडून झालं, शेवटी फायली माळ्यावर टाकून दोघांनी तो विषय मिटवला. आईला सांगायचं तेवढं राहिलं. ते सांगावं आणि मग आईनं आपल्या ओट्यावरचा कपभर चहा प्यावा, एवढ्यासाठी हे सोलापूरदर्शन होतं.

पहिला दिवस वाया गेला. किल्ल्यात बुरुजापाशी सांगायला तोंड उघडलं, तर सारजाबाईंना तिथल्या गवतात किती शेरडं चरतील याचा अंदाज बांधायचा होता. सिद्धेश्वराच्या देवळात त्या हात जोडून इतका वेळ उभ्या राहिल्या की मागच्या बाईनं "आजी, सरका की पुढं" म्हटलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "काय मागितलं त्ये इचारू नगंस." दिपालीनं विचारलं नाही. सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता नव्या पेठेतल्या एका हॉटेलात दोघी चहाला बसल्या. बसायच्या आधीच सारजाबाई म्हणाल्या, "पैसं मी देनार. तू दिलंस तर त्यो चहा तुजाच झाला की." बशीत ओतून, फुंकर मारून त्यांनी पहिला कप संपवला आणि दुसरा मागवला. दिपाली बघत राहिली.

"आये, हा चहा करनाऱ्याला पोरंबाळं किती हायत, इचारलंस का?"

"मला काय करायचंय?"

"न्हाय, नियम म्हनून."

सारजाबाई हसल्या. बशी हलली, चहा थोडा सांडला. त्या हसत होत्या तेवढ्यात दिपालीनं सांगून टाकलं.

"मला मूल व्हायचं न्हाय, आये. डॉक्टरनी दोन वर्सांमागंच सांगितलंय."

"दुसरा डॉक्टर बघू की."

"तीन बघितलं. पुन्याचा धरून चार."

सारजाबाईंनी बशी खाली ठेवली, पदराच्या टोकानं टेबलावरचा चहा पुसला आणि उठल्या. "आजून काय ऱ्हायलंय बघायचं?"

"आये, बस जरा."

"बसायला आलीय व्हय मी?"

मग सारजाबाईंनी जसं सोलापूर पाहिलं, तसं कुणी पाहत नसेल. इंद्रभवनाची जुनी इमारत रस्त्यावरूनच, रिक्षातून न उतरता. चादरीच्या दुकानात अकरा चादरी उलगडायला लावल्या आणि "हिच्यात ऊब न्हाय" म्हणून एकही न घेता बाहेर. कंबर तलावावर बाक रिकामं होतं; त्याला त्यांनी दोन फेऱ्या घातल्या, टेकल्या नाहीत. दिपाली मागून चालत होती. सकाळपर्यंत आईला ओढत न्यावं लागत होतं, आता आईला गाठावं लागत होतं. दोन्ही वेळा बोलणं तेवढं झालं नाही.

पाचला घरी आल्या. सहाची एसटी होती. सारजाबाई पिशवी भरायला लागल्या. भरलेली काढली, पुन्हा भरली. दिपालीनं काही न विचारता चहा टाकला आणि दोन कप आणून टेबलावर ठेवले. आपला प्याली. आईच्या कपावर साय धरली.

"हाटेलात दोन कप पिलीस," दिपाली म्हणाली. "वळखीचं ना पाळखीचं. आन् माज्या हातचा न्हाय."

"तितं मला काय सोडायचं नव्हतं," सारजाबाई म्हणाल्या. त्या दारापाशी गेल्या, तिथून गॅलरीत, गॅलरीतून परत. "तुला वाटलं आसंल, म्हातारी लई रीतीची. रीतीचं काय एवढं. मी जवर पीत न्हाय तवर त्ये व्हायचं हाय, आसं धरून चालले हुते. आता ह्यो कप उचलला, की संपलं म्हनून मीच सांगितल्यागत व्हतंय."

"संपलंच हाय, आये."

"तुजं. तुमी दोगांनी दोन वर्सं घेतली. मला सांगून आडीच तास झालं. मला एक रात तरी दे की गं."

दिपालीनं मनातल्या मनात वजाबाकी करून बघितली. आईचं काही चुकत नव्हतं. तिनं कप उचलला, मोरीत ओतला आणि विसळून पालथा घातला. पाठमोरीच म्हणाली, "मग आजची गाडी सोड."

"सोडली."

पिशवी सोफ्यावर तशीच राहिली. सारजाबाईंच्या येरझाऱ्या थांबल्या नाहीत. दार ते गॅलरी, गॅलरी ते दार. दिपालीनं त्यांच्या वाटेतली खुर्ची तेवढी बाजूला केली.

"सकाळी कवा उठतीस तू?" सारजाबाईंनी गॅलरीतून विचारलं.

"सहाला. तू?"

"मी पाचलाच."

"मग पाचला करते चहा."

सारजाबाई थांबल्या. खाली रस्त्यावर बघत राहिल्या.

"सहालाच कर," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा दाराकडे निघाल्या.