कारण लिहा

कुलूप हसत होतं. नखाएवढं, पिवळं, संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात बसलेलं... ज्या कुणी ते काढलं त्याने त्याला दोन डोळे आणि रेघेचं एक तोंड दिलं होतं, लहान मुलं घाबरू नयेत म्हणून असेल. पण ती लहान नव्हती, सोळावं लागलं होतं तिला, आणि ते हसणं पाहून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दार तोंडावर लावायचं आणि वर फटीतून दात काढायचे! कुलपाखाली एक चौकट होती आणि चौकटीवर दोन शब्द होते : कारण लिहा.

आज काय लिहू?

कारणं संपत आली होती. सुरुवातीला तिने ती अगदी झोकात दिली होती. शाळेचा प्रकल्प आहे, नकाशा शोधायचा आहे, गणिताच्या बाईंनी सांगितलंय. त्यातलं एकही खरं नव्हतं, त्यामुळे 'परवानगी नाही' अशी पाटी आली तेव्हा ती चिडली, पण आतून तिला ते बरोबरच वाटलं. बाबांना खोटं कळतं, हा तिचा लहानपणापासूनचा समज. मग ती खऱ्यावर आली. 'चिमणीशी बोलायचं आहे.' परवानगी नाही. 'चिमणीला आठनंतरच वेळ असतो.' परवानगी नाही. 'फक्त अर्धा तास, कृपया'... कृपया! घरात कोण कुणाला कृपया म्हणतं? स्वतःच्या बापाला कृपया लिहिताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरी परवानगी नाहीच.

चिमणी म्हणजे तिची मैत्रीण. एकाच बाकावरची, नाव आवाजावरून पडलेलं. वडिलांची बदली झाली तशी ती दुसऱ्या गावी गेली आणि बाकाचा अर्धा भाग रिकामा ठेवून गेली. तिथे कोणी बसत नाही असं नाही, कोणी ना कोणी बसतं, पण ते बसणं वेगळं. चिमणी तिकडे आठ वाजता मोकळी व्हायची आणि इकडचा संगणक साडेसातला स्वतःच मिटायचा. सुट्टीच्या दिवशी दुपारी गाठ पडायची, पण अलीकडे सुट्टीच्या दुपारी चिमणीच्या मागे दुसऱ्या मुलींचे आवाज असायचे आणि चिमणी मध्येच मान वळवून त्यांच्याकडे बघून हसायची... कशाला हसलीस, असं विचारलं की म्हणायची, "अगं, सांगून कळणार नाही." काल तिने लिहिलं होतं, "उद्या आठला येच. परवापासून माझं पोहणं आठलाच सुरू होतंय. मग काय, जमेल तसं बोलू."

जमेल तसं. मोठी माणसं हे शब्द वापरतात, आणि पुढे ते कधीच जमत नाही.

तिने चौकट तशीच ठेवली, उठली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. ओट्यावर सकाळची कपबशी होती, बाबांची. आई असताना कपबशी अशी पडून राहत नसे. आजीचं खुब्याचं हाड मोडलं आणि आई तिच्याकडे गेली, दोन आठवड्यांसाठी म्हणून. आजीचं हाड काही दोन आठवड्यांत ऐकेना. घरात उरली दोनच माणसं, त्यातलं एक दिवसभर बाहेर. तेवढ्यात मावशीने तोंड घातलं. पोरगी दिवसभर एकटी, समोर तो पडदा, लक्ष कोण ठेवणार? मावशीची रीतच अशी, साप साप म्हणून भुई धोपटायची. मग तिचा मुलगा आला, दादा... नाकाने कांदे सोलणारा, संगणकातलं सगळं कळणारा... आणि त्याने एका चहात हे कुलूप बसवून दिलं. "काका, आता निर्धास्त राहा. हिला जास्त वेळ हवा असला तर ही कारण लिहून पाठवेल. ते तुमच्या फोनवर येईल. होय किंवा नाही, एवढंच दाबायचं." बाबांनी मान डोलावली होती.

तिने आकाशपाताळ एक केलं त्या दिवशी. बाबा शांत. ते लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांना दुनिया लिफ्टमधूनच दिसते.

"अगं, लिफ्टच्या प्रत्येक दाराला कुलूप असतं," ते म्हणाले होते. "लिफ्ट मजल्यावर आल्याशिवाय ते उघडतच नाही. म्हणून काय लोकांवर आमचा विश्वास नसतो? दार उघडावं आणि समोर नुसती पोकळी असावी, असं होऊ नये म्हणून असतं ते."

"म्हणजे मी पडणारच आहे, असं तुम्ही धरूनच चालताय!"

"तसं नाही गं, बाईसाहेब..."

पण कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर कुलपाविषयी घरात कुणी बोललं नाही. आधी कुलपाविषयी नाही, मग हळूहळू बाकीच्याविषयीही नाही. किल्ली कुठाय. पाव संपलाय. लाइट बिल... हं. बोलायचंच असेल तर चौकट होती की! ती लिहायची, ते नाही म्हणायचे. दिवसाकाठी बापलेकींचा तेवढा तरी व्यवहार व्हायचा.

एकदाच होय आलं होतं. त्या दिवशी काही सुचेना म्हणून तिने चौकटीत नुसतं एक टिंब टाकलं आणि पाठवून दिलं. आणि चमत्कार : परवानगी आहे. ती इतकी गोंधळली की चिमणीला शोधायचंच विसरली, अर्धा तास त्या टिंबाचाच विचार करत बसली. बाबांना टिंब समजलं. शब्दांना नाही म्हणणारा माणूस टिंबाला होय म्हणतो, म्हणजे त्याच्या आत काहीतरी... म्हणून तर दुसऱ्या दिवशी तिने धीर केला. जे कुणाला, अगदी चिमणीलाही लिहिलं नव्हतं, ते लिहिलं. 'बाबा, आई नाही तर घर फार मोठं वाटतं.'

परवानगी नाही.

त्या संध्याकाळी बाबा आले, हात धुतले, अंड्यांचं कालवण केलं, एक घास घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी पडलंय का गं?" बस. तिने त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस माझं ते वाक्य वाचतो, त्यावर नाही दाबतो आणि घरी येऊन मला मीठ विचारतो? तिला त्यांचा तिरस्कार वाटला होता. हा शब्द तिने मनात तेव्हा पहिल्यांदाच वापरला आणि तो वापरता येतो हे कळल्यावर रात्रभर अंगावर पांघरूण घेऊनही तिला थंडी वाजत होती. तेव्हापासून तो तिरस्कार तिने जपला होता, रोज थोडा थोडा. त्याची सोबत वाटायची.

खाली जाऊन ती पाव आणि अंडी घेऊन आली. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत उभ्या होत्या. "तुझ्या बाबांना सांग, आपल्याकडेही एक लिफ्ट बसवा म्हणावं," त्या नेहमीचंच म्हणाल्या, आणि ती नेहमीचंच हसली. अख्ख्या शहराला वर-खाली नेणारा माणूस आणि त्याच्या घराला जिना! पूर्वी हे ती बाबांना येऊन सांगायची आणि बाबा म्हणायचे, दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

साडेसात व्हायला आले. पडद्यावर मिनिटं उलटी मोजली जाऊ लागली. तिने चौकटीत लिहिलं, 'चिमणीशी आजच बोलायला हवं. उद्यापासून ती नाही.' वाचून पाहिलं. उद्यापासून ती नाही! जशी काही चिमणी मरणारच होती. तरी तिने ते बदललं नाही, पाठवलं, आणि दोन्ही हात मांडीखाली घालून वाट पाहत बसली. उत्तर येईपर्यंत दहा मिनिटं अशीच जायची नेहमी. बाबा आत्ता फोन काढत असतील, वाचत असतील, कपाळाला आठी... अंगठा होयवर, मग नाहीवर... नेहमी दहा मिनिटं का लागतात त्यांना? एवढा विचार करून नाही म्हणतात?

परवानगी नाही.

पडदा काळा झाला. त्यात तिचा चेहरा दिसत होता, आणि मागे बुटांची मांडणी.

जिन्यात पावलं वाजली, जड, हत्यारांच्या पिशवीच्या बाजूला थोडी कललेली. आता उठून तोंडानेच विचारता आलं असतं. बाबा, अर्धा तास द्या. पण एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा कोण विचारणार? तिचा नाही का काही मान? दार उघडलं. बाबांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे होते आणि ते त्यांनी अंगापासून लांब धरले होते.

"खाली खड्ड्यात उतरावं लागलं आज," ते म्हणाले. "जरा पिशवीतला फोन काढ गं. आईचा येईल आत्ता. माझे हात हे असे."

तिने त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतून फोन काढला. इतक्या जवळ ती बऱ्याच दिवसांत गेली नव्हती. घाम, लोखंड आणि सकाळचा साबण. फोन वाजलाच.

"जेवलात का?" आई म्हणाली. मागे आजी कण्हत होती. "भांडू नका गं दोघं."

"आम्ही नाही भांडत," ती म्हणाली. ते खरंच होतं.

आईने फोन ठेवला. बाबा स्वयंपाकघरात नळाखाली हात घासत होते. तिला फक्त किती वाजले ते पाहायचं होतं... आठला दोन-चार मिनिटं असतील, चिमणी येऊन बसली असेल. बाबांच्या फोनला कुलूप नव्हतं. माझ्याकडे लपवायला आहे काय, असं ते म्हणत. वरची पट्टी खाली ओढली गेली. कंपनीच्या तक्रारी. अमुक इमारत, लिफ्ट अडकली. तमुक इमारत, दार लागत नाही. आणि त्यांच्यामध्ये तेच ते पिवळं कुलूप, हसणारं. तिने त्यावर बोट ठेवलं.

तिची सगळी वाक्यं तिथे होती, एकाखाली एक, जाड अक्षरात. न वाचलेलं जाड राहतं, वाचलं की बारीक होतं, एवढं तिला कळत होतं. सगळी जाड. 'फक्त अर्धा तास, कृपया.' जाड. आजचं. जाड. प्रत्येकाखाली करड्या रंगात एक ओळ : वेळ संपली, उत्तर आले नाही. संगणकावर ती ओळ कधी आलीच नव्हती. तिथे दहा मिनिटांनी फक्त परवानगी नाही.

म्हणजे कुणी नाही म्हटलंच नव्हतं.

बाबा फोन पिशवीत ठेवून लिफ्टच्या खड्ड्यात उतरतात, हे काय तिला माहीत नव्हतं? वर ठेवला नाही आणि हातातून सुटला तर गेलाच, हे तेच शंभरदा सांगायचे. आणि वर आले की कंपनीचे निरोप ते अंगठ्याच्या एका फटक्यात बाजूला सारतात, पाटावरचा भुगा झाडावा तसे. टिंबही जाडच होतं. त्याच्याखाली 'होय' होतं, पण अक्षर जाड. खिशात, कशाला तरी घासून... ते होयसुद्धा कुणी म्हटलं नव्हतं.

आणि ते वाक्य. तेही जाड, न उघडलेलं.

तिला वाटलं होतं आपण आता रडू, किंवा हसू. दोन्ही झालं नाही. इतके दिवस समोर कुणीतरी उभं होतं. वाईट असेल, दगड असेल, पण माझं वाचून मला नाही म्हणणारं कुणीतरी होतं. मी त्याच्याशी भांडत होते, त्याला शिव्या देत होते, त्याला पटावं म्हणून रात्री अंथरुणात शब्द बदलत होते... आणि दार उघडावं तर समोर नुसती पोकळी. मग माझ्या तिरस्काराचं आता काय करू? तो कुणाला देऊ?

तिने फोन ओट्यावर ठेवला. बाबा पाठमोरे होते. धुतलेले हात अजून नखांशी काळेच, आणि ते अंडी फोडत होते, एक एक, भांड्याच्या काठावर, कवच आत पडू नये म्हणून फार जपून.

"मीठ तू टाक आज," ते म्हणाले. "मला अंदाज नाही येत. आई गेल्यापासून एकदाही धड जमलेलं नाही."

"टाकते," ती म्हणाली. आणि बाहेरच्या खोलीत येऊन संगणकासमोर बसली. कुलूप आलं. हसलं. कारण लिहा. तिने 'चिमणी' लिहिलं, मग खोडलं. बोटं आपली आपणच जुन्या वाक्याकडे गेली, एकेक अक्षर करत, जसं होतं तसंच. बाबा, आई नाही तर घर फार मोठं वाटतं. पाठवलं.

आत ओट्यावर फोन थरथरला. भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"अगं, बघ गं कुणाचं काय आलंय," बाबा आतून ओरडले. "कंपनीचं असेल तर सांग मेलोय म्हणून. माझे हात अंड्याचे आहेत!"

ती उठली नाही. आठ वाजून गेले असावेत. तिने घड्याळाकडे पाहिलं नव्हतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

"हात पुसा," ती म्हणाली. आवाज इतका हळू निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "हात पुसा आणि तुम्हीच बघा."

मग नळ सुरू झाला, बंद झाला. आता ते फडक्याला हात पुसत असणार, एकेक बोट वेगळं धरून, त्यांच्या सवयीप्रमाणे. कधी नव्हे ती तिला त्यांची सगळी बोटं डोळ्यासमोर दिसली. इतके दिवस ते नाही म्हणतील म्हणून तिचा जीव खालीवर व्हायचा. आता ते वाचतील म्हणून होत होता. पडद्यावर, कुलपाच्या खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती, तिने आजवर कधी न पाहिलेली : विनंती मागे घ्या. तिचं बोट त्या ओळीवर होतं, आणि आत फडकं परत खुंटीला लागल्याचा आवाज झाला तरी ते तिथून हलत नव्हतं, दाबतही नव्हतं.