‘वॉलेट जोडा’चं बटण

“माझ्याकडे तर चालतंय” हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात उद्धट वाक्य, आणि त्या सकाळी मी ते सारखं म्हणत होते. मी वेबसाइट बनवते, बिघडलेल्या दुरुस्त करते, आणि माझ्या हातची वेबसाइट बिघडली असं कुणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वेबसाइट माझ्या दादाची. दादा दुर्बिणींचे आरसे घासतो. मोठ्या दुर्बिणीत प्रकाश गोळा करायला खोलगट आरसा असतो, हे मलाही त्याच्यामुळेच कळलं. काचेची जाड तबकडी घ्यायची आणि बारीक पूड नि पाणी टाकून ती महिनोन्‌महिने हाताने घासत राहायची. केसाहून कितीतरी बारीक चूक राहिली तरी ग्रह धुरकट दिसतो म्हणे. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे देशोदेशी विखुरलेली आकाशवेडी माणसं. बँकेतून पाठवलेले पैसे वाटेतच कुठेतरी अडकून बसायचे, म्हणून या मंडळींनी क्रिप्टोचा, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनाचा, रस्ता धरला. ब्राउझरमध्ये वॉलेट नावाचा छोटासा प्रोग्रॅम बसवायचा, दादाच्या पानावरचं ‘वॉलेट जोडा’ हे बटण दाबायचं, वॉलेट विचारतं ‘देऊ का?’, आपण हो म्हणायचं, संपलं. आमच्या बाजूने हे जुळवून आणायला वेबसाइटवर एक प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा तयार तुकडा, लागतं. ते अर्थातच मी बसवलेलं.

त्या दिवशी दादाचा आजवरचा सगळ्यात मोठा आरसा विक्रीला लागणार होता. वर्षभर तो त्याच्यामागे होता. आधीच्या दोन लहान आरशांना मात्र कुणी हिंग लावूनही विचारलं नव्हतं, शेवटी त्याने ते फुकटच देऊन टाकले होते. चष्म्याच्या काचांच्या कारखान्यातून त्याला नोकरी सांगून आली होती आणि हो की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. दादाने आम्हाला शांतपणे सांगून टाकलं होतं: आज हा आरसा गेला तर ठीक, नाही गेला तर तो कारखान्याला हो म्हणणार आणि घासायची खोली भाड्याने देणार. लोकांना माझे आरसे नको आहेत, तर कशाला उगाच काच झिजवायची, म्हणाला. वहिनी शाळेत गणित शिकवते आणि रडू यायला लागलं की वह्या तपासायला घेते. मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा ती वह्याच तपासत होती.

विक्री सुरू झाली. पानावर माणसं येत होती, बघत होती, निघून जात होती. आरसा तिथेच. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आणि मी त्याच्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत होते.

एवढ्यात फोन आला. एक बाई होत्या, जहाजाच्या इंजिनखोलीत काम करणाऱ्या. मी मनातल्या मनात त्यांना जहाजवाल्या बाई करून टाकलं. त्यांना आरसा हवा होता, पण बटण दाबलं तर काहीच होत नव्हतं. मी आमचं ठरलेलं कीर्तन लावलं: ब्राउझर बंद करून उघडा, साठलेला कचरा साफ करा, दुसरी कुठली वॉलेटं असतील तर ती बंद ठेवा. बाईंनी ते सगळं आधीच करून बघितलं होतं. मी म्हटलं, माझ्याकडे तर चालतंय. त्या थंडपणे म्हणाल्या की त्या रोज घराएवढी इंजिनं दुरुस्त करतात, बिघाड आपल्या बाजूला आहे की समोरच्या हे त्यांना कळतं, आणि हा तुमच्या बाजूला आहे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बटण दाबलं. चाललं. पुन्हा दाबलं. पुन्हा चाललं. वहिनीला तिच्या लॅपटॉपवर दाबायला लावलं, तिथेही चाललं. आता या बाईंना काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते, तेवढ्यात वहिनीने पेन खाली ठेवलं.

“अगं, आपण दोघी घरच्या,” ती म्हणाली. “आपल्याला दार आधीच उघडलेलं आहे. परक्या माणसाला उघडतं का, ते बघ ना.”

मी कपाळाला हात लावला. वॉलेट एकदा जोडलं की ब्राउझर ते लक्षात ठेवतो, पुन्हा ओळखपाळख विचारतच नाही. मी महिनोन्‌महिने स्वतःच्याच घराचं दार ढकलून बघत होते आणि उघडं आहे म्हणून खूश होत होते. आता हवं होतं असं वॉलेट, ज्याने या वेबसाइटचं तोंडही बघितलेलं नाही. आणि असं वॉलेट कुणाकडे असणार? दादाकडे. कारण दादाकडे वॉलेटच नव्हतं. दुकान त्याचं, पण आलेले पैसे वहिनीच्या वॉलेटमध्ये जमा व्हायचे.

त्याला खुर्चीत बसवलं. त्याच्यासाठी नवं वॉलेट उघडलं. त्यात त्याने प्रत्येक अट, प्रत्येक सूचना ओठ हलवत वाचली आणि माझा जीव खालीवर होत राहिला. मग मी म्हटलं, दाब. त्याने दाबलं.

काही नाही. ढिम्म.

मला एवढा आनंद झाला की मी टुणकन उडालेच. दादा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मला डॉक्टरकडेच न्यायला हवं. पण ज्याने कधी बिघाड शोधलाय त्याला कळेल. न दिसणारा बिघाड म्हणजे छळ, आणि समोर येऊन उभा राहिलेला बिघाड म्हणजे निम्मी लढाई जिंकलेली. जहाजवाल्या बाई फोनवरच होत्या, त्या म्हणाल्या, “आता एकेक बंद करत जा.”

मी वेबसाइटवरची सगळी प्लगइनं बंद केली, फक्त वॉलेटचं जुनं प्लगइन ठेवलं. दादाने दाबलं, वॉलेटची खिडकी उघडली. मग एकेक प्लगइन परत सुरू करायचं, दादाच्या वॉलेटला जुनी ओळख विसरायला लावायची, आणि त्याला दाबायला सांगायचं. फोटोंचं सुरू केलं, उघडली. आकाशाच्या नकाशाचं सुरू केलं, उघडली. वहिनी आता आमच्या मागे येऊन उभी होती. मोबाइलवरच्या वॉलेटसाठी मी हौसेने दुसरं एक प्लगइन बसवलं होतं. ते सुरू केलं आणि बटण मेलं.

दोन प्लगइनं एकाच बटणावर हक्क सांगत होती. याला वाटायचं तो बघेल, त्याला वाटायचं हा बघेल. दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय. आणि तेव्हा ते दुसरं प्लगइन मी कधी बसवलं ते मला आठवलं. त्यानंतर दादाचा एकही आरसा गेला नव्हता.

लपवण्यात अर्थ नव्हता. मी दादाला सांगितलं की त्या दोन आरशांना गिऱ्हाईक नव्हतं असं नाही, दारच बंद होतं, आणि कडी मी घातली होती. मला वाटलं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

“म्हणजे लोक आले होते?” त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

मग हाताला नुसता वेग आला. दुसरं प्लगइन उपटून फेकलं. आता शेवटची चाचणी: पैसे देण्याच्या पायरीपर्यंत जाऊन बघायचं. दादाच्या नव्या वॉलेटमध्ये खडखडाट, म्हणून मी माझ्यातून थोडे टाकले आणि चाचणीपुरती आरशाची किंमत एका चहाएवढी करून ठेवली. त्याला दहादा बजावलं, ‘देऊ का?’ विचारेपर्यंत जायचं आणि तिथे थांबायचं. खिडकी झटकन उघडली. वहिनीने टाळी वाजवली, मी फोन उचलून जहाजवाल्या बाईंना ओरडून सांगायला लागले की झालं, चालतंय, आता किंमत पूर्ववत करते, लगेच दाबा.

बाई म्हणाल्या, “इथे तर विकला गेला असं दिसतंय.”

मी मागे वळले. दादाचं बोट अजून माउसवर होतं. त्याने ‘हो’ दाबलं होतं.

“ते विचारत होतं,” तो म्हणाला.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. वर्षभराचा आरसा एका चहाच्या किमतीत, आणि विकत घेणारा कोण, तर विकणाराच. वहिनी भिंतीला टेकून हसत सुटली. आणि तेवढ्यात मेल यायला लागले. एकामागोमाग एक. कुणी घेतला? मी सकाळपासून बटण दाबतोय. घेणाऱ्याला विचारा, तो मला देईल का. एकाने तर सरळ भांडणच काढलं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं की मागचे दोन्ही आरसे हुकले, आता हाही हुकला, निदान पुढचा कधी ते सांगा. दादा प्रत्येक मेल वाचत होता, मघाच्या अटी वाचल्या तसाच, ओठ हलवत.

मी म्हटलं, काही बिघडलेलं नाही, एका मिनिटात परत विक्रीला लावते, खऱ्या किमतीला. मी हात पुढे केला. दादाने कीबोर्डवर तळवा ठेवला.

“राहू दे,” तो म्हणाला. “इतके आरसे घासले, पण आपली म्हणून एक दुर्बीण घरात नाही. तपासायचा, गुंडाळायचा, पाठवायचा. हा मी घेतलाय.”

वहिनीचं हसू थांबलं. फोन चालूच होता, आणि बाईंनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता त्या बरसणार. सकाळ त्यांनी आमच्यासाठी घालवली होती आणि आरसा डोळ्यांदेखत गेला होता. त्या म्हणाल्या की त्यांचा किनारा अजून लांब आहे, तोवर पुढचा घासून होईल ना, तर पहिलं नाव त्यांचं घाला. मी घातलं. मग पुढच्या आरशांसाठी नाव लावा असं बाकीच्यांना कळवलं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत आणखी तिघांनी आगाऊ पैसे भरून नाव लावलं. प्रत्येक वेळी बटण चाललं. प्रत्येक वेळी मी वेड्यासारखी ओरडले.

दादाने कारखान्याला फोन लावला. नोकरी जमणार नाही म्हणाला. पलीकडून पगाराबद्दल काहीतरी विचारलं असावं, कारण तो म्हणाला, नाही हो, पगाराचं काही नाही, हातात काम आहे. फोन ठेवून तो टेबलापाशी गेला, आरशावरचं फडकं काढलं आणि वाकून बराच वेळ बघत राहिला, घेणारा माणूस बघतो तसं.

“चांगला घासलाय,” तो म्हणाला.