मार्गिटची ओटी

घरी पाहुणे आले की आमच्या जगदीशदादाच्या अंगात येतं. गोरे पाहुणे म्हटल्यावर तर विचारूच नका.

मार्गिट माझी मैत्रीण. मी ठाण्याच्या एका दवाखान्यात नर्स आणि ती नॉर्वेहून वर्षभरासाठी तिथं कामाला आलेली. भाताची झोडणी उरकली की चार दिवस आमच्या घरी चल, असं मी तिला म्हटलं होतं. ती खरंच आली, सोबत भावाला, एरिकला, घेऊन. हे २००४ सालचं. पाहुणी माझी, घर आईचं. पण आमच्या गावात, शेणव्यात, गाडी थांबल्यापासून दादाने सगळा ताबा घेतला. शहापूरहून बाटलीबंद पाण्याचे खोके आणले, प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि आईला बजावलं, "सुकट भाजू नको. वासानं पळून जातील."

आईने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सुकटच भाजली. मार्गिटने तांदळाची भाकरी मागून मागून खाल्ली. दुपारी दोघी पडवीत मोड आलेले वाल सोलत बसल्या. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी, तरी गप्पा थांबेनात. मार्गिटचं साल निघेना की आई तोंडाला पदर लावून हसायची. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

निघताना मार्गिटची ओटी भरायची, हे आईने ती यायच्या आधीच ठरवलं होतं. आमच्याकडे बाईमाणूस ओटीशिवाय परत जात नाही. तिने नवे तांदूळ हाताने निवडून सुपात काढले, नारळ आणला, हिरवा खण आणला. निघायच्या दिवशी सकाळी दादा शेजारच्या सुंदराकाकूला घेऊन उभा. काकूची ठेवणीतली साडी, डोक्यात गजरा, हातात हळदकुंकवाचं तबक. मागे फोटोवाला.

"ओटी काकू भरंल," दादा म्हणाला. "आई, तू आतच थांब. बरं दिसत नाय."

 आईने सूप काकूपुढे ठेवलं आणि ती चुलीकडे गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तांदूळ आईचे, खण आईचा, चार दिवस चुलीपुढे भाजून निघाली ती, आणि हात मात्र काकूचा, कारण काकूचा नवरा जिवंत आहे. तो नवरा काकूला दिवाळीलाही साडी घेत नाही, पण आहे ना, मग झालं.

मार्गिट इकडेतिकडे बघत विचारायला लागली, आई कुठे आहे. मी तोंड उघडायच्या आत दादाने आपलं इंग्रजी पुढे केलं, "मदर बिझी. धिस इज अवर कल्चर."

काकूने मार्गिटला हळद लावली, कुंकू लावलं, केसात फूल खोवलं. फोटोवाल्याने एरिकला ओढून तिच्या शेजारी उभं केलं. काकू खुशीत आली.

"जोडा कसा साजरा दिसतोय. अंजू, सांग तिला, तुजं कुकू असंच जन्मभर राहू दे."

"काकू, तो तिचा भाऊ आहे," मी म्हणाले. "तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी वारला."

मी हे आल्या दिवशीच सांगितलं होतं. दादा तेव्हा खुर्च्या मांडत होता. आईला मात्र माहीत होतं, कारण वाल सोलताना मार्गिटने पाकिटातला नवऱ्याचा फोटो काढून तिला दाखवला होता.

काकूने हात मागे घेतला. "आता काय करायचं गो? पुसून टाकू दे तिला."

"हळूच सांग," दादा मला म्हणाला. "घाम आलाय, तोंड पूस म्हणावं. तिला काय कळतंय."

"मी सांगणार नाही. तुझं कल्चर आहे, तूच सांग."

 दादाचं इंग्रजी तिथवर पोचत नव्हतं. मार्गिट आमच्या तोंडांकडे बघत होती, कपाळावर कुंकू तसंच.

तेवढ्यात आई बाहेर आली. हाताला पीठ होतं.

"कोन पुसतंय?" तिने विचारलं.  "माजं पुसलं तवा मी कायच बोलली नाय. तू बी व्हतीस सुंदरे, माजा हात धरून. आता माज्या घरात कोनाचं कुकू पुसायचं नाय."

तिने पदराला हात पुसले आणि सूप उचललं. "जगदीश, पाव्हनीची ओटी मी भरनार. तुला बरं दिसत नसंल तर तू आत थांब."

दादा खरंच आत गेला.

मार्गिटने ओढणी पसरली. आईने तिच्या ओटीत तांदूळ घातले, खण ठेवला, वर नारळ ठेवला, आणि त्यातले चार दाणे परत दे, अशी हाताने खूण केली. ओटीतले थोडे दाणे घरात परत ठेवायचे असतात, सुपात टाकतात. मार्गिटला सूप कळलं नाही. तिने मूठभर तांदूळ घेतले आणि आईच्या पदरात घातले.

"अगो, ते सुपात," काकू म्हणाली.

"राहू दे," आई म्हणाली. सहा वर्षांत त्या पदरात कोणी काही घातलं नव्हतं. ती पदर तसाच धरून अंगणापर्यंत पाहुण्यांना पोचवायला गेली.