पाव-पाव मिलिमीटर

पाव मिलिमीटर.

नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली.

पायजम्याची एक बाजू मांडीपर्यंत उसवलेली.

दहा नंबरचा पाना.

“बाबांच्या हाताला गुण आहे.”

मित्रांनो, तुकडे पुढेमागे झाले. हळूहळू लांबवणं हेच माझं काम, पण मला स्वतःला दम निघत नाही. मी एक जुनी चौकट आहे. फोटोची नव्हे, पायाची. चार गोल कड्या, त्यांना जोडणाऱ्या आटे पाडलेल्या सळया आणि हाडातून आरपार गेलेल्या तारा. आखूड हाड लांब करायचं, तर आधी ते कापतात, आठवडाभर थांबतात, मग दोन्ही तुकडे रोज एक मिलिमीटर दूर सारतात. मधल्या फटीत नवं हाड धरतं. घाई केली तर फट रिकामी राहते, नसा ताणतात. रेंगाळलं तर हाड अर्ध्यातच सांधतं. म्हणून दिवसातून चार वेळा, पाव-पाव मिलिमीटर.

माझा जन्म लेथवरचा. आधी एका ट्रकचालकाच्या, मग एका शिंपिणीच्या पायावर बसले. तेव्हा शिकाऊ डॉक्टर माझ्याभोवती गर्दी करायचे. पुढे कपाटात पट्टी आली. ती पायाच्या एकाच बाजूला बसते, सुटसुटीत. मग लांबणारा दांडा आला. तो हाडाच्या पोकळीत शिरतो आणि बाहेरून चुंबक फिरवला की आतल्या आत लांबतो. ना तारा, ना जखमा. मी वरच्या फळीवर गेले आणि नुसती चडफडत राहिले.

भिंगरी आली तेव्हा बारा वर्षांची होती. हे तिचं घरातलं नाव, कारण ती एका जागी ठरत नसे. डावा पाय चार सेंटीमीटर आखूड, शिवाय वाकडा.

“दांडा घालू या की,” धाकटे डॉक्टर म्हणाले. “पोरीला त्रास कमी.”

“तिचं हाड अजून वाढतंय. दांडा वाढीच्या थरातूनच घालावा लागेल. तो थर दुखावला तर?” मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“मग पट्टी?”

“पट्टी लांब करेल. पण हाड दोन दिशांना वाकलंय, ते सरळ कोण करणार? ती वरची म्हातारी काढा.”

म्हातारी म्हणजे मी. राग आला. उतरायची घाईही झाली.

ऑपरेशननंतर घरी आईनं नखांच्या रंगानं माझ्या प्रत्येक चौकोनी नटावर लाल ठिपके काढले: एका बाजूला एक, पुढच्या बाजूला दोन, मग तीन, मग चार. एकावरून दोनावर नेलं की पाव मिलिमीटर. तारांभोवतीच्या जखमा ती रोज पुसायची. भिंगरी कळवळायची, मग म्हणायची, “माझे स्क्रू ढिले आहेत, हे आता कागदावर आलं.”

चौदा दिवस असे गेले. मग आजी आजारी पडली आणि आईला पाच दिवस तिच्याकडे जावं लागलं.

“ठिपके बघून फिरवा हं,” ती निघताना म्हणाली.

“अगं, वीस वर्षं पंप दुरुस्त करतोय. नट मला शिकवतेस?” बाबा म्हणाले.

ठिपके त्यांनी पाहिलेच नाहीत. पाना लागला की हात आवळायच्या दिशेलाच जायचा. चारावरून तीन. तीनावरून दोन. मी हाड लांबवत नव्हते, मिटवत होते. आणि गंमत बघा, भिंगरीचं दुखणं थांबलं. ती शांत झोपू लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाबांच्या हाताला गुण आहे. बाबा नुसते खुलले. मला बोलता येत नाही. मला फक्त करकरता येतं, आणि करकर ऐकून बाबांनी तेल घातलं.

पाच दिवसांनी दवाखान्यात पायाचा एक्स-रे काढला.

“चौदा मिलिमीटरची फट होती,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता नऊ आहे. आठवडाभर असंच चाललं असतं, तर हाड सांधलं असतं. पुन्हा कापावं लागलं असतं.”

बाबांचा चेहरा उतरला. “आजच भरून काढू का पाच?”

“नाही. पाव-पावच.”

“मग आईलाच करू दे.”

“बाबा, तुम्हीच करा,” भिंगरी म्हणाली. “पण मोठ्यानं मोजा.”

त्या संध्याकाळी ते जमिनीवर बसले. “एकावरून दोन,” म्हणाले आणि फिरवलं. दुखणं परत आलं. भिंगरीनं उशी दातात धरली. बाबांनी पुढच्या नटाला पाना लावला. पुढचे कित्येक दिवस पोरीला दुखवायचं काम त्यांनीच केलं, बरोबर दिशेनं.

शेवटी पायाची बोटं सुन्न पडू लागली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोन मिलिमीटर आधीच थांबवलं. चारऐवजी तीन पूर्णांक आठ दशांश सेंटीमीटर. मग नवं हाड टणक होईपर्यंत मी आणखी कित्येक महिने नुसती धरून राहिले. माझ्यासारखीला तीच मोठी शिक्षा.

मित्रांनो, आता मी पुन्हा फळीवर आहे. तुमच्या घरी कुणाच्या पायावर माझी एखादी बहीण बसली, तर तिच्या जखमा स्वच्छ ठेवा, ठिपके वाचा. आणि दुखणं एकाएकी थांबलं, तर खूश होण्याआधी डॉक्टरांना विचारा.

हो, सुरुवातीचा एक तुकडा राहिलाच: भिंगरीच्या ऑपरेशनच्या सकाळी मला ट्रेमधून आत नेत होते, तेव्हा बाहेरच्या बोळात भिंगरीचे बाबा डावा बूट हातात घेऊन, एकाच बुटावर चालून बघत होते.