भिंतीला पाठ

दहा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यातून रक्त काढायचं आणि वर येऊन सँडविचात मोहरीची चटणी कमी पडली म्हणून कुरकुर करायची, ही अस्गेरची रीत थिराला मुळीच रुचली नाही. डोळा गेला की वाचला ते अजून इस्पितळातून कळायचं होतं. खाली हॉलच्या लाकडी फरशीवर थेंब अजून ओले होते, आणि हा अडतीस वर्षांचा बाप्या काउंटरला टेकून म्हणत होता, "आई, आज मांसही कोरडं झालंय."

थिराने चटणीची बाटली त्याच्यापुढे आपटली.

बंदरावरचा हा बॅडमिंटनचा हॉल गावानेच चालवलेला. पगार कुणालाच नाही. ज्याला जे जमेल ते त्याने करायचं. मासे कापायच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या थिराला सुरी चालवता येई, म्हणून वरच्या कॅफेटेरियात पाव आणि भाजलेलं डुक्कर कापणं तिच्याकडे. काउंटरसमोर मोठी काच होती, तिच्यातून खालची चारही कोर्टं दिसत. आज सकाळी पालक पोरांना सोडून बेकरीत गेले होते. मोठ्या माणसांपैकी पाहिलं ते तिने एकटीने.

अस्गेरने त्या पोरीला, सिल्येला, भिंतीला पाठ लावून उभं केलं. हात मागे. मग सहा पावलांवरून तो रॅकेटने फुलं मारू लागला, खरी पिसांची, बुडाला टणक बूच असलेली. पहिलं खांद्यावर बसलं, दुसरं गळ्याखाली. पोरगी रडली नाही. तिसऱ्याला तिने डोळे मिटले.

"डोळे उघड," अस्गेर ओरडला.

तिने उघडले.

ही भिंत मुळात थिराची. आठ वर्षांचा अस्गेर फूल अंगावर आलं की तोंड फिरवायचा, आणि आख्खं गाव हसायचं. हसणं थिराला कधी सोसलं नाही. तिने त्याला याच भिंतीशी उभं केलं आणि थोरल्या त्रोल्सला सांगितलं, मार शंभर. त्रोल्स पंधरा वर्षांचा होता. चाळीसाव्याला त्याने रॅकेट खाली केली, तेव्हा तिने त्याच्या कानशिलात ठेवून दिली. धाकट्याचा ओठ फाटला, छातीवर निळे गोळे उठले. पण त्यानंतर त्याने कधी तोंड फिरवलं नाही.

पुढे तो मोकळ्या जागेत फूल मारीनासाच झाला. माणसावर मारायचा. गळ्यावर, छातीवर, जांघेत. समोरचा गुडघ्यावर यायचा आणि पंच गुण द्यायचे, कारण नियमात बसतं. सोळाव्या वर्षी देशातल्या पोरांमध्ये पहिला. राष्ट्रीय शिबिरात गेला, तिथे कपडे बदलायच्या खोलीत सोबत्याचं नाक मोडलं. तीन महिने बाहेर बसला, परत आला आणि युरोपचं सुवर्ण घेऊन गेला. एकदा नव्हे, तीनदा. दर वेळी बंदरावर झेंडे लागले आणि केक थिराने कापला.

मधल्या एका उन्हाळ्यात घरच्या सामन्यात त्रोल्सने त्याला हरवलं आणि जाळ्यापाशी हात पुढे केला. अस्गेरने रॅकेटची कड त्याच्या तोंडावर घातली. थिराने तीन दात फरशीवरून वेचले, पुन्हा बसवता यावेत म्हणून दुधात टाकले आणि दंतवैद्याला सांगितलं, पोरगा जिन्यावरून पडला. त्रोल्स त्यानंतर घरी आला नाही.

मग एका उपांत्य सामन्यात अस्गेरच्या टाचेची शीर तुटली. बार उडावा तसा आवाज झाला म्हणे. तो गावात परतला. वार्षिक सभेत पोरांना कुणी शिकवायचं ते निघालं, तर कॉफी पिता पिता सगळ्यांनी अस्गेरच्या नावाला हात वर केले. एवढा मोठा चँपियन फुकटात मिळतोय, कोण नको म्हणणार? सगळ्यात आधी हात वर गेला थिराचा.

जिन्यावर बुटांचा आवाज झाला. सिल्येचा बाप एस्किल आला. खाडीत शिंपले काढणारा, रुंद खांद्यांचा. अंगावर अजून रबरी विजार.

"काय झालं?" त्याने अस्गेरला विचारलं.

"मध्ये आली. मी सराव करत होतो, ही धावत पुढे आली. तिला सांग, नजर ठेवत जा."

एस्किल थिराकडे वळला. "तू काचेतून बघतेस. खरं सांग."

थिरा पाव कापत राहिली.

"थिरा, इस्पितळातून फोन होता. डॉक्टर म्हणतात, डोळा राहील की नाही सांगता येत नाही. मी तुला विचारतोय."

"तिला कशाला विचारतोस?" अस्गेर म्हणाला. "शिंपलेवाल्याची पोरगी शिंपल्यासारखे डोळे मिटून घेते, त्याला मी काय करू?"

एस्किलने त्याला काउंटरपासून खेचलं. पहिला ठोसा एस्किलचा, पुढचे सगळे अस्गेरचे. खुर्च्या आडव्या झाल्या. अस्गेर त्याच्या छातीवर बसला आणि शांतपणे, मोजूनमापून, जिथे रक्त आलं होतं तिथेच पुन्हा पुन्हा मारू लागला. चेहऱ्यावर राग नव्हता. सरावाला असतो तोच चेहरा.

थिराने भाजलेल्या डुकराचा लोखंडी ट्रे मांसासकट उचलला आणि त्याच्या उजव्या मनगटावर घातला. हाड वाजलं. दुसरा घाव खांद्यावर. गरम चरबी त्याच्या मानेवरून ओघळली आणि तो पहिल्यांदा किंचाळला.

"आई, माझा हात."

"एस्किल, ऊठ," ती म्हणाली. "पोरगी मध्ये आली नाही. याने तिला भिंतीशी उभं केलं, हात मागे बांधायला लावले आणि डोळे उघडायला सांगून मारलं. पोलिसांना बोलव. मी सांगेन."

अस्गेर मनगट पोटाशी धरून बसला होता. "तूच शिकवलंस ना? मी चँपियन झालो तो तुझ्यामुळे. आता उलटतेस?"

थिरा त्याच्यासमोर खुर्ची सरळ करून बसली. तिचा हातही भाजला होता, पण तिने तो पाहिला नाही.

"हो, मीच शिकवलं. आठ वर्षांचं पोर मी मारून मारून निबर केलं आणि त्याला पदकं लागली म्हणून मिरवलं. ते माझं पाप, ते मी पोलिसांपुढेही सांगेन. पण अस्गेर, आठ वर्षांचा असताना तुला ते दुखलं होतं, आणि दुखतं हे ठाऊक असून तू ते तिला केलंस. आजपासून या हॉलमध्ये पोरं असतील तेव्हा तू दारात दिसायचं नाहीस. आणि मीही नाही."